शुक्रवारचं पाणी आणि वहिनींचा एमआरआय

स्कॅन सेंटरनं दिलेला गाऊन पुढून उघडा होता आणि त्याला बंद होता एकच. तोही पोटाशी. वहिनींनी तो पाच मिनिटं इकडून तिकडून ओढून बघितला, मग आपल्या पर्समधून एक सेफ्टी पिन काढली आणि छातीपाशी गाऊन व्यवस्थित बंद केला. चाळीस वर्षं पुण्यात शिस्तीत राहिलेली बाई, ती दुसरं काय करणार? मंगळसूत्र, पाटल्या, कुड्या, जोडवी, केसांतले आकडे असं सगळं आधीच माझ्या ताब्यात आलं होतं. आत न्यायला आलेल्या मुलीनं पुन्हा विचारलं, "काकू, अंगावर लोखंडाचं काही नाही ना?" वहिनी ठामपणे "नाही" म्हणाल्या. नशीब, त्या मुलीचं लक्ष पिनेकडे गेलं.

ती मुलगी रागावली, आणि तिचं बरोबरच होतं. एमआरआयचं चुंबक पंख्यासारखं बटण दाबून चालू-बंद होत नाही. द्रवरूप हेलियमनं उणे २६९ अंश सेल्सिअसला थंड ठेवलेल्या तारांमधून त्यात अखंड वीज फिरत असते. रात्री, रविवारी, खोलीत पेशंट नसतानासुद्धा. नेहमीच्या यंत्राचं चुंबकत्व दीड टेस्ला असतं, म्हणजे होकायंत्राची सुई फिरवणाऱ्या पृथ्वीच्या चुंबकत्वाच्या तीस हजार पटींहून जास्त. तिथं पोलादी पिन ही पिन राहत नाही, बाण होते. सोनं-चांदी चुंबकाकडे ओढली जात नाहीत, पण ती तापू शकतात आणि चित्र बिघडवतात. म्हणून मंगळसूत्रही बाहेरच.

वहिनी म्हणजे माझ्या थोरल्या जाऊबाई. वय ४६. त्यांच्या आईला ४३व्या वर्षी स्तनाचा कॅन्सर झाला, मावशींना पन्नाशीत. मावशी आजही ठणठणीत आहेत, आई राहिल्या नाहीत. वहिनींच्या हाताला कधी गाठ लागलेली नव्हती. दरवर्षीप्रमाणे मॅमोग्राफी केली, तर रिपोर्टात संशयास्पद काही नव्हतं, फक्त एक ओळ होती: स्तनांची घनता 'डी'. डॉक्टरीणबाईंनी घरातला इतिहास धरून आयुष्यभरात कॅन्सर होण्याच्या जोखमीचं गणित मांडलं, ते वीस टक्क्यांच्या पुढे गेलं, आणि त्यांनी एमआरआय लिहून दिला.

रिक्षात वहिनी मला म्हणाल्या, "अगं, मॅमोग्राफी झाली, सोनोग्राफी झाली, आता हे तिसरं कशाला? एकात दिसत नाही म्हणून दुसरं, दुसऱ्यात दिसत नाही म्हणून तिसरं. हे म्हणजे या खिडकीवरून त्या खिडकीवर पाठवल्यासारखं झालं."

मी आयुष्यभर कॉलेजात फिजिक्स शिकवलं. प्रश्न विचारला की उत्तर द्यायची खोड अजून जात नाही. त्या दिवशी रिक्षात जे तुटक तुटक सांगितलं, ते इथं जरा सविस्तर लिहिते.

या तीन तपासण्या एकाच गोष्टीचे तीन फोटो नाहीत. तिन्ही तीन वेगळ्या गोष्टी बघतात. मॅमोग्राफी म्हणजे एक्स-रे, म्हणजे सावली. जे दाट ते पांढरं उमटतं, जे विरळ ते काळं. स्तनात चरबी असते आणि दूध तयार करणाऱ्या ग्रंथी व त्यांना धरून ठेवणारे तंतू असतात. चरबी काळसर दिसते, ग्रंथी पांढऱ्या, आणि कॅन्सरची गाठसुद्धा पांढरी. चरबी जास्त असेल तर काळ्या पाटीवर खडूचा ठिपका दिसावा तशी गाठ दिसते. ग्रंथीच जास्त असतील तर मात्र दहीभातात खोबऱ्याचा तुकडा शोधायचा. मॅमोग्राफीच्या रिपोर्टात ही घनता ए, बी, सी, डी अशा चार गटांत लिहितात, त्यात डी सगळ्यांत दाट. घनता हा आजार नाही. स्तन हाताला घट्ट लागतो की मऊ, याच्याशीही तिचा संबंध नाही. ती फक्त चित्रातच कळते. पण दाट स्तनांत दोन अडचणी एकदम येतात. गाठ लपते, आणि कॅन्सरची शक्यताही काहीशी वाढलेली असते. तरुण वयात बहुतेकींचे स्तन दाटच असतात, आणि आपल्याकडे स्तनाचा कॅन्सर पाश्चात्त्य देशांच्या मानाने साधारण दहा वर्षं लवकर गाठतो. त्यामुळे हा दहीभाताचा प्रश्न आपल्याकडच्या बायकांना जास्तच लागू पडतो.

सोनोग्राफी प्रतिध्वनी ऐकते. गाठीत पाणी आहे की ती भरीव आहे, कडा गुळगुळीत की काटेरी, हे ती छान सांगते. तिच्याबद्दल इथं एवढंच.

एमआरआय बघतो पाणी. आधी शरीरातलं, आणि मग, मुख्य गंमत इथंच आहे, गाठीला होणारा पाणीपुरवठा.

आपलं शरीर बहुतांशी पाणी आणि चरबी, आणि दोन्हींत हायड्रोजन खच्चून भरलेला. हायड्रोजनच्या अणूचं केंद्र म्हणजे एक प्रोटॉन, आणि तो एखाद्या इवल्याशा चुंबकासारखा वागतो. एरवी हे चुंबक तोंडं वाटेल तिकडे करून असतात. मोठ्या चुंबकात शिरलं की त्यातले थोडे जास्त एका दिशेला वळतात आणि भोवऱ्यासारखे डोलायला लागतात. दीड टेस्लात हे डोलणं सेकंदाला सुमारे ६४ दशलक्ष वेळा होतं, म्हणजे ६४ मेगाहर्ट्झ. आपला एफएम रेडिओ ८८ ते १०८च्या मधे लागतो, म्हणजे हे स्टेशन काट्याच्या जरा डावीकडे. यंत्र त्याच स्टेशनवर रेडिओलहरींचा एक झटका देतं, प्रोटॉन कलतात, आणि झटका थांबल्यावर पूर्वस्थितीला येताना स्वतःच क्षीण रेडिओलहर सोडतात. ती ऐकायची. पाण्यातला हायड्रोजन आणि चरबीतला हायड्रोजन वेगवेगळ्या गतीनं सावरतात, त्यातून चित्र बनतं. यात एक्स-रे कुठंच नाही. "रेडिएशन नको गं बाई" म्हणून एमआरआयला घाबरणाऱ्यांनी निदान ही भीती तरी सोडावी.

विद्यार्थ्यांना हे शिकवताना मी नेहमी नारायणगावजवळच्या खोडदचं उदाहरण द्यायचे. तिथं जीएमआरटी या रेडिओ दुर्बिणीच्या ४५ मीटर व्यासाच्या तीस तबकड्या आकाशाकडे तोंड करून बसल्यात. डॉ. गोविंद स्वरूप यांनी उभी केलेली ही दुर्बीण इतर अनेक गोष्टींबरोबर दूरच्या आकाशगंगांतला हायड्रोजन ऐकते, १४२० मेगाहर्ट्झ आणि त्याखाली. तिथली हायड्रोजनची किमया वेगळ्या कारणानं होते, एमआरआयमधली वेगळ्या. पण दोन्हीकडे माणूस करतो काय? कान लावून हायड्रोजनची कुजबुज ऐकतो. म्हणून खोडदच्या आसपास मोबाइल नि कारखान्यांच्या रेडिओलहरींचा गोंगाट नको असतो, आणि एमआरआयची खोली आतून तांब्याच्या जाळीनं किंवा पत्र्यानं मढवलेली असते.

पण नुसत्या हायड्रोजनवर स्तनाचा कॅन्सर ओळखता येत नाही. ग्रंथीतही पाणी, गाठीतही पाणी. १९८०च्या दशकात जर्मनीतल्या रेडिओलॉजिस्टांनी पेशंटच्या शिरेत गॅडोलिनियमचं औषध सोडून स्तनाचा एमआरआय काढायला सुरुवात केली, आणि तिथून या तपासणीला खरा अर्थ आला. ते का चाललं हे समजायला आणखी थोडं मागं, १९७१ सालात जावं लागतं. अमेरिकेतले सर्जन ज्यूडा फोकमन यांनी तेव्हा मांडलं की कॅन्सरची गाठ दोन-तीन मिलिमीटरच्या पुढे वाढायची तर तिला स्वतःच्या नव्या रक्तवाहिन्या लागतात. आजूबाजूच्या वाहिन्यांना फुटवे आणून ती आपला रक्तपुरवठा स्वतः उभा करते. सुरुवातीला फारसं कुणी मनावर घेतलं नाही. नंतर सगळ्यांनीच घेतलं.

आता पुणेकराला हे समजावायला मला गुरुवार-शुक्रवार पुरतात. दुरुस्तीसाठी गुरुवारी पाणी बंद, शुक्रवारी सकाळी उशिरा आणि कमी दाबानं येणार, हे वाक्य आपल्याला पाठ आहे. आता समजा, गल्लीत एक नवी इमारत घाईघाईनं उठली आहे आणि तिच्या ठेकेदारानं रातोरात जोड मारून पाइप ओढलाय. जुन्या, नीट टाकलेल्या पाइपमधून पाणी गुपचूप नळापर्यंत जातं. घाईच्या जोडातून ते झिरपतं. शुक्रवारी पाणी सुटलं की तुम्ही घड्याळ लावून गल्लीच्या तोंडाशी उभे राहा. सगळ्यात आधी कुठला रस्ता ओला होतो ते बघा. पाइप जमिनीखाली आहे, तो दिसायची गरज नाही. ओल सांगते.

गाठीच्या रक्तवाहिन्या अशाच घाईच्या असतात. वाकड्यातिकड्या, संख्येनं जास्त, आणि भिंती गळक्या. गॅडोलिनियम हे सोडलेलं पाणी. औषधातल्या या धातूच्या आयनात, म्हणजे काही इलेक्ट्रॉन गमावलेल्या अणूत, सात एकांडे इलेक्ट्रॉन असतात. त्यांच्यामुळे आसपासच्या पाण्यातला हायड्रोजन झटकन सावरतो आणि चित्रात ती जागा उजळते. मोकळा गॅडोलिनियम विषारी असतो, म्हणून तो रासायनिक पिंजऱ्यात बंद करूनच देतात. हा पिंजरा मूत्रपिंडांवाटे लघवीतून बाहेर पडतो. औषध द्यायच्या आधी एकदा चित्र घ्यायचं, दिल्यावर दर मिनिट-दीड मिनिटानं पुन्हा पुन्हा घ्यायचं, आणि नंतरच्या चित्रातून आधीचं वजा करायचं. उरतं ते फक्त नव्यानं उजळलेलं. दहीभातातला भात काढून टाकला, खोबरं राहिलं.

उजळण्याचा वेगही बोलतो. कॅन्सर बहुधा पहिल्या दोन मिनिटांत झपकन उजळतो आणि मग मावळायला लागतो, कारण गळक्या वाहिन्यांतून औषध जसं भरभर आत येतं तसं बाहेरही जातं. साध्या गाठी बहुधा सावकाश उजळतात आणि उजळतच राहतात. 'बहुधा' हा शब्द दोन्हीकडे मुद्दाम घातलाय. वेगाच्या जोडीला आकार आणि कडा बघून, अनुभवी डोळ्यानं ठरवायचं असतं.

वहिनी आत गेल्या तेव्हा मला काचेपलीकडून दिसत होतं. या तपासणीत उताणं नाही, पालथं झोपावं लागतं. खाली गादीसारखी एक चौकट असते, तिला दोन मोकळ्या जागा. स्तन त्यात लोंबते राहतात आणि भोवती सिग्नल पकडणारी कॉइल असते. मॅमोग्राफीसारखं दाबणं नाही. हात डोक्याकडे लांब, दंडाच्या शिरेत सुई, मुठीत रबराचा एक फुगा. काही झालं तर तो दाबायचा. कानात बोळे आणि वरून हेडफोन, कारण यंत्र भयंकर आवाज करतं. चुंबकाच्या आतल्या आणखी काही तारांमधली वीज क्षणाक्षणाला उलटसुलट होते आणि त्या धडाधड थरथरतात, त्याचा तो आवाज. अर्धा तास लागला. बाहेर आल्यावर वहिनींच्या कपाळावर उशीच्या कडेचा लाल वळ उठलेला. म्हणाल्या, "गणपतीतला ढोल बरा गं. त्याला निदान ताल असतो. आणि ते औषध सोडलं तेव्हा हात आतून गार पडला, कोपरापासून वर वर."

आता या सगळ्या खटाटोपाचा फायदा किती? नेदरलँड्समध्ये घराण्यात किंवा जनुकात जोखीम असलेल्या १,९०९ बायकांवर एक अभ्यास झाला, तो २००४ साली प्रसिद्ध झाला. पसरण्याची क्षमता असलेले जे कॅन्सर त्यात निघाले, त्यांतले मॅमोग्राफीला साधारण ३३ टक्के दिसले, एमआरआयला साधारण ८०. नुसत्या हाताच्या तपासणीला १८च्या आसपास. अशा अभ्यासांच्या आधारे अमेरिकन कॅन्सर सोसायटीनं २००७ साली सांगितलं की जिची आयुष्यभराची जोखीम वीस-पंचवीस टक्के किंवा त्याहून जास्त आहे, तिनं दरवर्षी मॅमोग्राफीच्या जोडीला एमआरआय करावा. बीआरसीए जनुकात दोष असलेल्या बायका (या दोषानं स्तनाच्या आणि अंडाशयाच्या कॅन्सरची जोखीम खूप वाढते), आणि दहा ते तीस या वयात दुसऱ्या एखाद्या आजारासाठी छातीवर रेडिएशन घेतलेल्या बायकाही त्यातच आल्या.

घरात इतिहास नाही, पण स्तन अतिशय दाट आहेत, अशांचं काय? त्याचंही उत्तर डच लोकांनीच शोधलं. पन्नास ते पंचाहत्तर वयाच्या, मॅमोग्राफी नॉर्मल आलेल्या चाळीस हजारांहून जास्त बायका. त्यांतल्या काहींना एमआरआयचं आमंत्रण, बाकीच्यांचं नेहमीप्रमाणे. मोजायचं एवढंच की पुढच्या तपासणीची तारीख येण्याआधी, मधल्या दोन वर्षांत, किती जणींना अचानक कॅन्सर निघतो. २०१९ साली आकडे आले: आमंत्रणवाल्या गटात हजारी अडीच, दुसऱ्या गटात हजारी पाच. निम्मे. आमंत्रण मिळालेल्यांपैकी ५९ टक्केच प्रत्यक्ष आल्या होत्या. आलेल्यांपुरतं बघितलं तर हजारी एकाहूनही कमी. मला हा आकडा फार बोलका वाटतो, कारण मधल्या काळात उगवणारे कॅन्सर बहुधा तापट स्वभावाचे असतात.

पण त्याच अभ्यासातला दुसरा आकडा कुणी फारसा सांगत नाही. पहिल्या फेरीत एमआरआय केलेल्या हजार जणींमागे सोळा-सतरा जास्तीचे कॅन्सर सापडले, आणि सुमारे ऐंशी जणींना "काहीतरी दिसतंय" म्हणून परत बोलावलं गेलं, जिथं कॅन्सर नव्हता. आणि या अभ्यासानं मोजले ते मधल्या काळातले कॅन्सर. मृत्यू किती वाचले हे नव्हे.

हे ऐंशी कुठून येतात? शुक्रवारच्या गल्लीतच उत्तर आहे. रस्ता ओला झाला म्हणजे चोरटा जोडच असला पाहिजे असं थोडंच आहे? कुणी अंगण धुतलं असेल, टाकी ओसंडली असेल. स्तनात फायब्रोअॅडेनोमा नावाची निरुपद्रवी गाठ उजळते, सूज उजळते, आणि सगळ्यात खोडकर म्हणजे निरोगी ग्रंथीच उजळतात, महिन्याच्या काही दिवसांत तर फारच. पाळीच्या आधीच्या पंधरवड्यात हार्मोन्समुळे स्तनातला रक्तपुरवठा वाढलेला असतो. म्हणून जिची पाळी अजून कायमची थांबलेली नाही, तिचा स्क्रीनिंगचा, म्हणजे काही लक्षण नसताना करायचा एमआरआय पाळी सुरू झाल्यापासून साधारण सातव्या ते चौदाव्या दिवसात करतात.

आणि इथं आमची फसगत झाली. अपॉइंटमेंट देताना सेंटरवाल्यांनी नाव विचारलं, वजन विचारलं, इन्शुरन्स विचारला. पाळीची तारीख कुणी विचारली नाही, आणि मला, सगळं माहीत असल्याच्या तोऱ्यात असलेल्या मला, ती सुचली नाही. स्कॅन झाला तो बाविसाव्या दिवशी. रिपोर्टात दोन्ही बाजूंना पार्श्वभूमी खूप उजळलेली, आणि दोन ठिपके. एक डावीकडे, एक उजवीकडे.

पुढचे अकरा दिवस घरात कुणी नीट जेवलं नाही. वहिनी तेवढ्या नेहमीसारख्या. त्यांनी बँकेच्या पासबुकांची फाइल लावली, लॉकरची किल्ली कुठं असते ते मला दाखवलं, आणि लोणच्याच्या बरण्या उन्हात ठेवल्या. "घाबरले नाहीये," म्हणाल्या, "पण पसारा नको." मी स्वयंपाकघरात जाऊन पाणी प्यायले.

डावा ठिपका पुन्हा, जागा हेरून केलेल्या सोनोग्राफीत सापडला. एमआरआयनं बोट दाखवलं की सोनोग्राफीला पुष्कळदा तीच गाठ दिसते, जी आधी दिसली नव्हती. आणि मग सुईची बायोप्सी सोनोग्राफीखालीच उरकते. जिथं दिसत नाही तिथं बायोप्सीही एमआरआयमध्येच, चुंबकाला न भिणाऱ्या खास सुईनं करावी लागते, आणि ती सोय मोजक्याच ठिकाणी असते. स्क्रीनिंगसाठी एमआरआय करायचाच असेल तर काही दिसलं तर पुढे कुठं जायचं, हे आधीच विचारून ठेवा. वहिनींचा डावा ठिपका फायब्रोअॅडेनोमा निघाला. उजवा, पुढच्या पाळीनंतर दहाव्या दिवशी पुन्हा एमआरआय काढला, तेव्हा तिथं नव्हताच. तो चुकीच्या तारखेचा ठिपका होता. दुसऱ्यांदा पैसे भरावे लागले, ते वेगळंच.

म्हणजे एमआरआय वाईट का? नाही. त्याचा कान अतिशय तिखट आहे, आणि तिखट कानाच्या माणसाला भिंतीपलीकडची कुजबुजही ऐकू येते आणि पाल चुकचुकली तरी जाग येते. जिच्या घरात चोर शिरण्याची शक्यता जास्त, तिनं असा राखणदार ठेवावा. जिची जोखीम सर्वसाधारण आहे, तिच्या वाट्याला चोरांपेक्षा पालीच जास्त येतील. म्हणून 'फुल बॉडी चेकअप'मध्ये सरसकट ब्रेस्ट एमआरआय घालून विकणाऱ्यांबद्दल माझं मत काही बरं नाही. आणि ज्या बाईच्या हाताला गाठ लागली आहे, तिनं एमआरआयच्या तारखेची वाट बघत बसू नये. मॅमोग्राफी, सोनोग्राफी आणि सुईची बायोप्सी, हा तिचा रस्ता. एमआरआय स्वच्छ आला म्हणून हाताला लागणारी संशयास्पद गाठ सोडून द्यायची नसते.

मॅमोग्राफीची जागाही तो घेत नाही. काही कॅन्सर अगदी सुरुवातीला दुधाच्या नळ्यांतच असताना कॅल्शियमचे बारीक कण टाकतात, मिठाच्या कणाएवढे. एक्स-रेमध्ये ते टिपकन दिसतात. एमआरआयला कॅल्शियम दिसत नाही, कारण त्याला हायड्रोजन ऐकू येतो, खडू नव्हे. यातले बरेच सुरुवातीचे कॅन्सर तो उजळण्यावरून पकडतो, पण सगळे नाही. दोघं एकमेकांची उणीव भरून काढतात.

कॅन्सर ठरल्यावरचा एमआरआय हा आणखी वेगळा विषय. दुसऱ्या स्तनात लपलेलं काही आहे का हे तो सांगतो: २००७ साली प्रसिद्ध झालेल्या अमेरिकी अभ्यासात एका बाजूला नुकताच कॅन्सर निघालेल्या ९६९ जणींपैकी ३० जणींना दुसऱ्या बाजूलाही होता, जो मॅमोग्राफी आणि हाताच्या तपासणीत सुटला होता. ऑपरेशनआधी केमो दिली तर गाठ किती आक्रसली हे बघायला त्याच्याइतकं चांगलं साधन दुसरं नाही. काखेत कॅन्सरची गाठ, पण स्तनात काहीच सापडत नाही, अशा कोड्यातही तोच कामाला येतो. मात्र सरसकट प्रत्येकीला ऑपरेशनआधी एमआरआय केला तर दुसऱ्यांदा ऑपरेशन करायची वेळ कमी येते का, हे ब्रिटनमध्ये सोळाशेहून जास्त बायकांवर तपासलं; २०१०च्या निकालात फरक पडला नाही. सर्जन एकीला लिहून देतो आणि शेजारणीला देत नाही, त्यामागे कंजुषी नसते.

घरातल्या इतिहासाबद्दल एक गोष्ट सांगायलाच हवी, कारण इथं शिकलेले लोकही चुकतात. "आईकडे कुणाला होता का?" एवढंच विचारलं जातं. बीआरसीएचा दोष वडलांकडूनही तितकाच येतो, निम्म्या शक्यतेनं. वडलांच्या बहिणीला, आजीला स्तनाचा किंवा अंडाशयाचा कॅन्सर झाला असेल तर तो मोजायचा. आणि घराण्यात कोणी पुरुषाला स्तनाचा कॅन्सर झाला असेल तर तो आधी सांगायचा. वहिनींच्या बाबतीत हयात असलेल्या मावशींच्याच जनुकांची तपासणी आधी केली, कारण ज्याला आजार झाला त्याच्यात शोधलं तर उत्तर जास्त उपयोगी येतं. त्यात बीआरसीएचा दोष सापडला नाही. पण बाकीचं गणित होतं तिथंच राहिलं.

सगळ्या बायकांसाठी काय, असं कुणी विचारेल. आपल्याकडच्या राष्ट्रीय कार्यक्रमात तीस ते पासष्ट वयाच्या बायकांची दर पाच वर्षांनी प्रशिक्षित हातानं स्तनतपासणी करायची असं ठरलेलं आहे. याला हसू नये. टाटा मेमोरियलच्या डॉक्टरांनी मुंबईतल्या वस्त्यांमध्ये दीड लाखाहून जास्त बायकांवर वीस वर्षं हाताच्या तपासणीचाच अभ्यास केला. २०२१ साली निकाल आला, तेव्हा पन्नाशीपुढच्या बायकांमध्ये स्तनाच्या कॅन्सरनं होणारे मृत्यू जवळजवळ तीस टक्क्यांनी कमी झाले होते. त्याहून तरुण बायकांमध्ये तसा फरक दिसला नाही. हात, तोही शिकवलेला. यंत्र नाही, वीज नाही. करोडोंच्या चुंबकाच्या शेजारी हा आकडा ठेवून बघावा.

स्वस्त आणि झटपट एमआरआयचे प्रयत्नही चालू आहेत. जर्मनीतल्या ख्रिस्टिआने कूल यांनी २०१४ साली दाखवलं की पूर्ण स्कॅनऐवजी औषधाच्या आधीचं एक आणि नंतरचं एक चित्र, एवढ्यावरही काम भागू शकतं. यंत्रातला वेळ तीन मिनिटं. शुक्रवारच्या गल्लीत दिवसभर न थांबता पहिला ओला रस्ता बघून निघून यायचं, तसंच. हे रुळलं तर खर्च उतरेल.

जाण्याआधी काय सांगायचं तेवढं सांगते. पेसमेकर, मेंदूतल्या रक्तवाहिनीला लावलेली क्लिप, कानात बसवलेलं कॉक्लिअर यंत्र, यांचं कार्ड घेऊन जा आणि सांगितल्याशिवाय आत पाऊल टाकू नका. कॉपर-टी असेल तर सांगा, बहुतेक वेळा चालते. मूत्रपिंडांचा त्रास असेल तर आधी क्रिएटिनिनची रक्ततपासणी. फार निकामी मूत्रपिंडांत जुन्या पद्धतीच्या गॅडोलिनियममुळे त्वचा आखडण्याचा गंभीर आजार झालेला आहे. गरोदरपणात हे औषध टाळतात. बंद जागेची भीती वाटत असेल तर आदल्या दिवशीच बोला. पालथं झोपल्यामुळे छत अंगावर येत नाही, पण कोंडल्यासारखं होतंच. जुन्या मॅमोग्राफीच्या फिल्म आणि सीडी बरोबर न्या, फेकून दिल्या असतील तर पुढच्या वेळेपासून जपा.

परवा वहिनींचा या वर्षीच्या अपॉइंटमेंटसाठी फोन चालला होता. स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरवर त्यांनी एका तारखेभोवती पेनानं गोल केला होता आणि तिथून पुढे बोटानं दिवस मोजत होत्या. पलीकडच्या मुलीनं बहुतेक महिनाअखेरची तारीख दिली असावी. "नाही हो, ती नको," वहिनी म्हणाल्या, "तो माझा चोविसावा दिवस येतो. मला बारा तारखेपर्यंतची द्या, नाहीतर मग सरळ पुढच्या महिन्यातली." पलीकडे बराच वेळ शांतता. मग वहिनींनी फोनवर हात ठेवला आणि मला हळूच म्हणाल्या, "अगं, ती विचारतेय, चोविसावा म्हणजे काय. तू सांगतेस का?"